उतरत्या भावाचा हंगाम

सेलचा हंगाम आला की आमच्या घरात कोणी काही विकत घेत नाही. गणपती गेले, पितृपक्ष संपत आला, की फोन दिवसभर टुणटुणत राहतो. मिक्सरवर इतके टक्के सूट, टीव्हीवर तितके, त्वरा करा, थोडेच नग शिल्लक. आई तिचा फोन पालथा घालून ठेवते. मी मात्र बघते. त्या सगळ्या धबडग्यात एक पातळसं, राखाडी पडद्याचं, पुस्तकं वाचायचं यंत्र दरवर्षी असतंच. ई-रीडर. जुन्या किमतीवर लाल रेघ, खाली ठळक नवी किंमत. ती नवी किंमत बघितली की माझ्या तोंडून एक शिवी जाते. बँकेत नोकरी करणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला न शोभणारी. मग मी उठून चहा टाकते.

खडकीतलं ऑक्टोबरचं ऊन फार दुष्ट असतं. पावसाळ्याचा ओलावा भिंतीत असतो आणि बाहेर सगळं करपत असतं. वाळत टाकलेल्या चादरी तासाभरात कडक होतात. बाल्कनीत खुर्ची टाकून बाबा बसलेले असतात, तोंड रस्त्याकडे. लोकल गेली की सांगतात, “गेली.” आम्हीही ऐकलेली असते, पण हो म्हणतो. मग ते विचारतात, “सुजाता, यंदा झेंडू काय भाव?” भाव विचारायची त्यांची खोड डोळे गेले तरी गेली नाही. ती कान गेले तरी जाणार नाही.

बाबा इथल्याच कारखान्यात नोकरीला होते. जन्मभर दारूगोळ्याच्या जवळ काम केल्यामुळे असेल, घाई म्हणजे मूर्खपणा अशी त्यांची पक्की समजूत होती. बाजारात तर विशेष. भाजी, धान्य, फळं, सगळं ते मार्केट यार्डातून आणायचे, आणि तेही सकाळी नाही. सकाळी जातात ते मूर्ख, असं त्यांचं म्हणणं. ते जायचे दुपार कलल्यावर, व्यापाऱ्याला घरी जायची घाई झाल्यावर. तोवर एका कडेला उभे राहून भाव उतरताना बघायचे. दुसरे लोक क्रिकेट बघतात तसे. आमच्या घरी टोमॅटो कायम थोडे मऊ आणि मेथी थोडी पिवळी असायची, पण भाव ऐकून शेजारचे हळहळायचे. विजयादशमीला विहारासाठी झेंडू आणायचा तर हे संध्याकाळी जाणार. सकाळी सोन्याच्या भावाने गेलेली फुलं तोवर रस्त्यावर ओतलेली असत. बाबा पोतं भरून आणत. अर्धी फुलं कोमेजलेली असत, पण सगळ्यात लांब माळ आमची असे. स्कूटर, फ्रिज, टीव्ही, सगळं असंच आलं. थांबून. आणि दर वेळी भाव उतरलाच, हे त्यांचं दुर्दैव. एकदा जरी चढला असता तरी माणूस शहाणा झाला असता.

एकाच बाबतीत ते खर्चिक होते. पुस्तकं. आजोबांना अक्षर येत नव्हतं. गावाकडून पत्र आलं की ते वाण्याच्या दुकानाबाहेर लांब उभे राहत आणि वाणी आतून मोठ्यांदा वाचे. मनात येईल ते गाळे, मनात येईल ते घाली, आणि गिऱ्हाइकं हसत. आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव गेले, आणि बाबा शाळेत गेले. बाबांनी पहिलं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, “हे शेवटचं. पुढं आपल्या घरात कुणी कुणाला वाचून दाखवायचं नाही. ज्यानं त्यानं वाचायचं.” बाबांनी ते धम्माच्या शीलाइतकं पाळलं. मी पहिलीत असताना गोष्ट वाचून दाखवा म्हणून हट्ट केला, तर मला पाटी दिली.

पुस्तकं अर्थातच प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी घेतलेली. कपाटं भरली. वाचायची कधी? “रिटायर झाल्यावर निवांत.” इथेही थांबणंच.

रिटायर झाले आणि ओळींच्या मधोमध एक डाग दिसायला लागला. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घालून, बराच वेळ आत बघून सांगितलं, “मधला पडदा झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल.”

“वाचायला चष्मा?” बाबांनी विचारलं.

“चष्म्यानं होण्यातलं नाही हो. अक्षर मोठं करून वाचा. हल्ली ती नवी यंत्रं आली आहेत ना, त्यात हवं तेवढं मोठं करता येतं. आणि काका, वाचायचं ते आत्ता वाचून घ्या.”

“आत्ता म्हणजे?”

“आत्ता म्हणजे आत्ता,” बाई म्हणाल्या. इतकं स्पष्ट सांगणारी डॉक्टर मी दुसरी पाहिलेली नाही.

ती यंत्रं तेव्हा नवीनच होती. दवाखान्यापासून चार पावलांवर समोरासमोर दोन दुकानांत मिळायची. एक पानशांचं. तिथे देशी यंत्र, आत मराठी पुस्तकं भरून मिळायची, पण बटण दाबल्यावर पान उलटेपर्यंत एक जांभई देऊन होई. समोर तांबोळींचं. तिथे परदेशी यंत्र, देखणं, झरझर चालणारं, आणि मराठी पुस्तकं त्यातही नुकतीच यायला लागलेली. तांबोळींचे वडील त्याच जागी रेडिओ दुरुस्त करत. पानसे आणि तांबोळी शाळेपासूनचे मित्र. दुपारी एकाच टपरीवर एकाच्या पैशाने चहा पीत आणि दुकानात परतल्यावर एकमेकांचा गळा कापत.

गळा पाटीवर कापला जाई. पानशांनी सुरुवात केली: ‘किंमत दहा हजार. ही अंतिम आहे. घासाघीस करून स्वतःचा अपमान करून घेऊ नये.’ दुसऱ्या दिवशी समोर तांबोळींची पाटी: ‘नऊ हजार पाचशे. समोर अपमान करून झाला असल्यास आत यावे.’ आठवड्यात पानशांनी ‘नवी अंतिम किंमत’ लिहिली. मग ‘अखेरची अंतिम किंमत’. खडूची पाटी ती, पुसायला कितीसा वेळ लागतो?

बाबांनी ती पहिली पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा ओळखीचा होता. मार्केट यार्डात कडेला उभे राहतानाचा.

“पाच हजारांच्या आत येईल हे,” ते म्हणाले.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या?”

“डॉक्टरांना डोळ्यातलं कळतं. बाजारातलं मला कळतं.”

त्या हंगामात दर शनिवारी आम्ही खडकीहून बसने पेठेत जायचो. मी सोबत, कारण रस्ता ओलांडताना त्यांना मधली रिक्षा दिसेनाशी झाली होती. दोन्ही दुकानांत नमुन्याची यंत्रं टेबलावर ठेवलेली, कोणीही हाताळावीत. तांबोळींच्या यंत्रात एका शिक्षकाच्या आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण होतं, पुढचं यंत्र घेणाऱ्याला. मुलगा शाळेत निघालाय, मधे ओढा, ओढ्याला पाणी चढतंय. बाबा उभ्याने एक-दोन पानं वाचत, यंत्र परत ठेवत, बाहेर येऊन पाटी बघत, आणि आम्ही घरी. बसमध्ये ते म्हणत, “पोरगं अजून अलीकडच्याच काठावर आहे.” पुढच्या आठवड्यापर्यंत त्यांच्या डोक्यात ते पोरगं काठावर उभं.

पहिल्या शनिवारी त्या यंत्रावर अख्खा परिच्छेद मावत होता. पाटी एक पायरी उतरली तेव्हा बाबांनी अक्षर एक पायरी चढवलं होतं. मग पडद्यावर चार ओळी मावायला लागल्या. मग दोन. वाक्य संपायच्या आत पान संपे. बाबांचा अंगठा उलटायच्या बटणावरच राही. शेवटी शेवटी पडद्यावर एकच शब्द असायचा, काळाभोर, दाराएवढा. ‘ओढ्याला’. बटण. ‘आता’. बटण. ‘गुडघाभर’. आणि बाहेर येऊन मला म्हणायचे, “भाव साडेसात हजारांवर आलाय. मी म्हणत नव्हतो?”

मला त्या वेळी त्यांचा राग यायचा, असं म्हणणं म्हणजे फार सभ्यपणा झाला. त्यांचं बखोट धरून त्या पाटीवर डोकं आपटावं असं वाटायचं. आणि तरी मी त्यांचं बोट धरून रस्ता ओलांडायचे, कारण रिक्षावाले थांबत नाहीत.

तुम्ही म्हणाल, पगार होता ना, स्वतः का नाही आणून दिलंस? आणलं होतं. पानशांचं. बाबांनी खोका न उघडताच बसमध्ये घातला आणि पानशांपुढे नेऊन ठेवला. पानशांच्या डोक्यावर पाटी होती: ‘विकलेला माल परत घेतला जात नाही. रडल्यासही नाही.’ बाबा तिथल्या स्टुलावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शांतपणे सांगू लागले, “थांबा जरा, उतरणार आहे.” दुपारपर्यंत पानशांनी माल परत घेतला. घरी आल्यावर आई म्हणाली, “अहो, तुमचे डोळे आहेत की पाटीवरचा खडू?” बाबांना विनोद आवडला. हसले.

आई काही हसली नव्हती.

पेठेतली गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. ती यायची, पंख्याखाली उभी राहायची, यंत्र बोटांनी मळवायची, तांबोळींना दहा शंका विचारायची, आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायची. तिथे आणखी स्वस्त. पानशांनी पाटी लावली: ‘वस्तू येथे बघून घरी बसून मागवणाऱ्यांनी निदान पंख्याचे बिल भरावे.’ लोकांनी त्या पाटीचे फोटो काढले, एकमेकांना पाठवले, फार हसले. दुकानात गर्दी वाढली. खरेदी कोणी केली नाही.

एका शनिवारी तांबोळींनी मला बाजूला घेतलं. बाबा टेबलाशी वाचत होते, म्हणजे एकेका शब्दाशी झटत होते, मान तिरकी करून, कोंबडी बघते तसं.

“ताई, मी बघतोय,” तांबोळी हळू आवाजात म्हणाले. “दर आठवड्याला अक्षर मोठं होतंय. मला बघवत नाही. साहेबांना पाच हजारांतच हवंय ना? आजच न्या. पाटीवर काही का असेना.”

“तुमचं नुकसान?”

“नुकसान तर रोजचंच आहे. मला ज्या भावात पडतं त्याच्या खाली कंपनीच घरपोच विकतेय. एकात काय बुडणार?”

मी बाबांना सांगितलं. तिथेच सांगितलं, ही माझी अक्कल. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, अगदी हलक्या हाताने, आणि तांबोळींच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या खांद्याच्या थोडं उजवीकडे बघत म्हणाले, “पाटीवर काय आहे?”

“सहा हजार आठशे, ओव्हाळसाहेब. पण तुमच्यासाठी...”

“माझ्यासाठी वेगळं का?”

“आपली इतक्या दिवसांची ओळख...”

“तांबोळी, माझ्या बापाला दुकानदार वेगळंच द्यायचे. लांबून, वरून टाकून. कधी जास्त भावात, कधी दया आली तर फुकट. सगळ्यांना जो भाव तोच मला पाहिजे. पाटीवर लिहा, मी लगेच घेतो.”

“पाटीवर लिहिलं तर दुकान बंद करावं लागेल हो.”

“मग मी थांबतो,” बाबा म्हणाले.

तांबोळींनी यंत्र फडक्याने पुसून जागेवर ठेवलं. त्यांना ते कळलं होतं, हे मला अजून आठवतं. मलाही कळलं होतं. कळल्याने राग जातो असं कोणी सांगितलं? एका जन्माचा ताठा आणि एका जन्माची चिकटपणाची सवय एकाच माणसात अशी मिसळली होती की कुठली कुठे संपते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मी तर आजही ठरवू शकत नाही. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “मग बसा म्हणावं भाव कुरवाळत.”

विजयादशमीला बाबा संध्याकाळी झेंडू आणायला निघाले. मी सोबत गेले. मार्केट यार्डाबाहेर फुलांचा चिखल झाला होता. बाबा वाकून पोत्यात हात घालत, फूल चाचपत, नाकाशी नेत. रंग विचारत नव्हते. विहारात माळ लागली तेव्हा त्यांनी तिच्या कडेकडेने हात फिरवला आणि म्हणाले, “लांब झालीये.” झाली होतीच.

दिवाळी तोंडावर आली आणि पानशांनी शरणागती पत्करली. देशी यंत्राच्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. दाराला पाटी: ‘दुकान कायमचे बंद. आता तरी घासाघीस थांबवावी.’ समोर तांबोळींना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. ते बंद शटरकडे बघत एकटेच चहा पीत होते. त्याच आठवड्यात परदेशी कंपनीने नवीन टूम काढली. यंत्र तेच, पण पडदा झोपला की त्यावर जाहिरात दिसणार. जाहिरात बघायची तयारी असेल तर किंमत आणखी खाली. तांबोळींनी हाय खाल्ली आणि तीच जाहिरातीची यंत्रं कंपनीच्या भावात विकायला ठेवली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन पाटीवर पडलेलं होतं. बाबा पाटीपुढे उभे राहिले. मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. वाचून दाखवायचं नाही. मान डावीकडे वळवली, उजव्या डोळ्याच्या कडेने पहिला आकडा पकडला. “चार.” मान किंचित हलवली. “नऊ.” लोक त्यांच्या अंगावरून जात होते, कोणीतरी “काका, सरका” म्हटलं. “नऊ. नऊ.” मग ते वळले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

“पाचच्या आत,” ते म्हणाले. “सगळ्यांना. पाटीवर.”

बाबांनी आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली ती शेवटची गोष्ट. कपाटभर पुस्तकं घरी होती, त्यातलं एकही नाही. पोरगं ओढ्याच्या काठावर उभं होतं, तेही नाही. खडूने लिहिलेले चार आकडे.

पूर्ण पैसे देऊन, पावती घेऊन, खोका पोटाशी धरून ते बसमध्ये बसले. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी पहिली किंमत सांगितली, मग आजची. तो म्हणाला, “वा!” घरी आईने टेबल पुसून दिलं. मी यंत्र चार्ज केलं, माझ्या फोनवरून इंटरनेट जोडलं, ते आत्मचरित्र उतरवून घेतलं. बाबांनी अक्षर मोठं केलं. आणखी मोठं. पडद्यावर एक शब्द उरला, मग तोही मावेना, अर्धाच दिसायला लागला. राखाडी पडद्यावर काळं अक्षर. खिडकीशी नेलं, दिव्याखाली नेलं, मान इकडे केली, तिकडे केली. पाटीवरचा पांढरा खडू निदान उन्हात चमकत होता. इथे काहीच चमकत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पदर तोंडात धरून होती, ते बरं, नाहीतर बोलली असती.

बराच वेळ बाबा तसेच बसले. यंत्र मांडीवर. मग त्यांनी ते उचललं आणि माझ्या दिशेने पुढे केलं.

“सुजाता,” ते म्हणाले. “वाच.”

आमच्या घरात कोणी स्वतःसाठी दुसऱ्याला ‘वाच’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी यंत्र हातात घेतलं. तेवढ्या वेळात पडदा झोपला होता. पुस्तक गेलं होतं आणि त्या जागी जाहिरात आली होती.

“काय लिहिलंय?”

मला बटण दाबून पुस्तक परत आणता आलं असतं. पोरगं ओढ्यात पाय टाकतंय, असं न बघताही म्हणता आलं असतं. त्या वाण्याने तेच केलं असतं. मनात येईल ते गाळलं असतं, मनात येईल ते घातलं असतं. मला राग आला होता, त्यांचा, त्या कंपनीचा, त्या खडूचा, आणि खोटं वाचायचं नाही एवढंच मला तेव्हा सुचलं. मी जे होतं ते वाचलं, शब्द न् शब्द, शाळेत वाचतात तसं खणखणीत.

“दिवाळीची खास भेट. हेच ई-रीडर सोमवारपासून फक्त तीन हजार नऊशे नव्व्याण्णव.”

बाहेर कोणाच्या तरी पोरांनी लवंगी माळ लावली होती, ती संपेपर्यंत बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून यंत्र परत घेतलं, त्याच्या गुळगुळीत पडद्यावरून एकदा अंगठा फिरवला, आणि माझ्या खांद्याच्या थोडं उजवीकडे बघत म्हणाले,

“बघ. अजून थोडं थांबायला हवं होतं.”